पुरानंतरची मुलांची चित्रं: क्लबाने लिलाव करावा का?

काठावरची

नमस्कार मंडळी,

एरवी मी इथे वाचनमात्र असते. आज आमच्या क्लबातलं एक भांडण इथे आणून टाकतेय, कारण क्लबात बोलून बोलून घसा बसला.

आमचा सेवा क्लब पुण्यात असतात तसलाच एक. दोन सीए, काही डॉक्टर, एक हार्डवेअरचे दुकानदार, बँकेतून निवृत्त झालेले बरेच, आणि आधी 'मिसेस अमुक' म्हणून आलेल्या नि नंतर स्वतःच पदाधिकारी झालेल्या माझ्यासारख्या काहीजणी. पंधरवड्याला सभा. घंटा वाजते, राष्ट्रगीत होतं, वाढदिवसवाल्यांना गुलाब मिळतो, पाहुणे ठरल्यापेक्षा जास्तच बोलतात आणि मग जेवण. हसा खुशाल, पण याच लोकांनी रक्तदानाची शिबिरं आणि शाळांमधली स्वच्छतागृहं उभी केलेली मी पाहिली आहेत. क्लबाचं वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपतं, त्यामुळे पावसाळा दरवर्षी नव्याकोऱ्या अध्यक्षाच्या वाट्याला येतो. यंदा पदग्रहणाचे हारतुरे सुकायच्या आत २५ जुलै २०२४ उजाडला. मी सचिव.

त्या दिवशी खडकवासल्यातून मुठेत ३५ हजार क्युसेकच्या घरात पाणी सुटलं. सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत विजेचा धक्का बसून तिघे गेले, तेही बातम्यांत आलं. आम्ही जिथे जातो ती वस्ती कुठल्याच बातमीत नव्हती. नाव मुद्दाम लिहीत नाही, मुलं ओळखू येतील.

पहिले काही दिवस नेहमीचं काम झालं: चटया, चादरी, भांड्यांचे संच, वह्या, फिनेल. मग आमच्यातल्या एकीने बालवाडीच्या खोलीत शनिवारी दुपारी चित्रांचा वर्ग सुरू केला. खोलीच्या भिंतीवर माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ होती, ती घासून निघाली नव्हती. आम्ही कार्ट्रिज कागद आणि तैलखडूंच्या पेट्या ठेवल्या आणि 'काहीही काढा' म्हटलं. पहिल्याच शनिवारी प्रत्येक पेटीतला चॉकलेटी खडू संपला. बाकीचे अकरा जवळजवळ कोरे. पुढच्या वेळी अप्पा बळवंत चौकात जाऊन सुटे चॉकलेटी मागितले, तर दुकानदार म्हणाला, "सुटे येत नाहीत, पेटीच घ्या."

एका मुलाने समोरच्या सोसायटीचं पार्किंग काढलं. पाण्यात आडव्या झालेल्या स्कूटर, आणि प्रत्येक स्कूटरचा नंबर बरोबर. एमएच १२ पासून शेवटच्या आकड्यापर्यंत. एका मुलीने पूर काढलाच नाही. तिने मांडणी काढली. वरच्या फळीवर पितळेचे डबे, मधल्या फळीवर स्टीलचे, खाली पेले उलटे घातलेले, आणि कडेला तारेवर लटकलेली चहाची गाळणी. हे सगळं वाहून गेलंय, हे मला तिच्या आईकडून कळलं. मुलीने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आता भांडण. आमच्याकडे गव्हर्नरांची (राज्यपाल नव्हे, आमच्या क्लबांच्या वरचे पदाधिकारी) अधिकृत भेट ठरली आहे. अध्यक्षांचं म्हणणं, त्या संध्याकाळी या चित्रांना फ्रेम करून लिलाव करू, एका बिल्डरने प्रायोजकत्वाची तयारी दाखवली आहे, पैसे पुढच्या प्रकल्पाला होतील आणि 'आपत्तीतून कला' असं काही शीर्षक अहवालात शोभेल. अहवालाच्या फॉर्ममध्ये 'लाभार्थी संख्या' असा रकाना आहे, तो मीच भरायचा आहे. अध्यक्ष वाईट माणूस नाही. पुराच्या रात्री स्वतःच्या टेम्पोतून त्याने लोकांना शाळेत नेऊन पोचवलं. पण लिलाव म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो आणि का येतो ते मला सभेत धड मांडता येत नाही.

तुमचं काय मत?

---

सदाशिव_सडेतोड

रुमाल टाकून जागा धरून ठेवतो, सविस्तर नंतर.

तूर्तास एवढंच: बॅनरचा खर्च किती आणि खडूंचा किती, हे जाहीर करा. बाकीची चर्चा आपोआप संपेल.

---

खडूवाली_बाई

काठावरची, मी चित्रकला शिकवते. शाळेत बावीस-तेवीस वर्षं झाली. आधी चॉकलेटी रंगाबद्दल, कारण आता कुणीतरी येऊन त्याचा अर्थ लावणार हे मला दिसतंय. मुलांनी चॉकलेटी वापरला कारण पुराचं पाणी चॉकलेटी होतं. संपलं. 'चॉकलेटी म्हणजे नैराश्य' असं म्हणणाऱ्याला वर्गात शिरू देऊ नका. माझ्याकडचा एक मुलगा सगळं काळ्या रंगात काढायचा, तेव्हा त्याच्या पालकांना बोलावून काय काय विचारलं गेलं. शेवटी निघालं काय, तर शेजारच्या बाकावरचा त्याचे बाकीचे खडू पळवायचा.

दुसरं. तुमच्यातल्या त्या बाईंनी 'काहीही काढा' म्हटलं, ते फार बरं केलं. 'पूर काढा' म्हटलं असतं तर सगळ्यांनी पूर काढला असता, मांडणी आलीच नसती.

फ्रीडल डिकर-ब्रँडाइस नावाची एक चित्रकार होती. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकलेली. नाझींनी तिला टेरेझीनच्या घेट्टोत टाकलं, तेव्हा तिने सामानात चित्रकलेचं साहित्य भरून नेलं आणि तिथल्या मुलांना शिकवलं. शिकवलं म्हणजे खरोखर शिकवलं: वस्तुचित्र, रंगसंगती, रेषेची लय, कागदाचे तुकडे चिकटवून चित्र. छावणीचं दुःख काढा असा आग्रह नव्हता. फुलं काढली मुलांनी, घरं काढली. आणि प्रत्येक चित्रावर मुलाने स्वतःचं नाव घालायचं, हा तिचा दंडक. १९४४ साली तिला ऑशविट्झला नेऊन मारलं. त्याआधी तिने सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून लपवायची सोय केली होती. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयाकडे आहेत. त्यातली बहुतेक मुलं वाचली नाहीत. पण चित्राखाली नाव आहे.

तुलना नको, छळछावणी आणि पूर या दोन गोष्टी एका तागडीत घालायच्या नाहीत. मला फक्त शिकवण्याची रीत सांगायची होती. तुमच्या वर्गात चित्रांखाली नावं आहेत का? आणि लिलावात ती नावं राहणार आहेत, की फ्रेमखाली प्रायोजकाचं?

---

काठावरची

बाई, नावं आहेत. मागच्या बाजूला, मुलांनीच घातलेली. लिलावासाठी अध्यक्षांच्या मते नावं झाकायची, 'मुलांच्या खासगीपणासाठी'. आणि खाली पट्टीवर क्लबाचं नाव नि प्रायोजकाचा लोगो. तुम्ही अगदी वर्मावर बोट ठेवलंत.

सदाशिव, बॅनर दोन हजारांच्या पुढे. खडू, कागद धरून त्याच्या निम्म्यातही बसले. बस्स?

---

सदाशिव_सडेतोड

बस्स. आता सविस्तर.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा आमच्या दारात आला. अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, पद्मावती, सगळीकडे तीच गत. मोटारी एकमेकींवर चढल्या होत्या. माणसं गेली. आमचं नशीब बरं, तळमजला गेला पण माणसं वर होती. तिसऱ्या दिवशी एका संस्थेचा ट्रक आला. संस्थेचं नाव घेत नाही. ट्रकात जुने कपडे. मला हाताला लागला तो लग्नातला सूट, कोपरावर उसवलेला. पुरात घर गेलेल्या माणसाने सूट घालून कुठे जायचं? त्या कपड्यांचा ढीग आठवडाभर कोपऱ्यावर भिजत पडला आणि महापालिकेच्या कचरागाडीने उचलला. फोटो मात्र त्याच संध्याकाळी सगळीकडे फिरले. त्यात मी पण आहे, बादली हातात धरून, अंगात बनियन. मला कुणी विचारलं नव्हतं. अजूनही कुणी ना कुणी तो फोटो पाठवून 'हे तुम्हीच ना?' म्हणून विचारतं.

त्यामुळे लिलावाला माझा ठाम नकार. उद्या तो स्कूटरवाला मुलगा मोठा होईल आणि कुणाच्या तरी दिवाणखान्यात सोफ्याच्या वर स्वतःचं चित्र बघेल. विकत घेणारा पाहुण्यांना सांगणार, 'हे पूरग्रस्ताचं आहे बरं का.' एवढंच.

---

तरुणतुर्क_पुणे

मी एका क्लबाच्या युवा शाखेत आहे त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. काका लोक चिडू नका.

१. फंड लागतो. वर्ग फुकट चालत नाही.
२. लोकांना दिसलं नाही तर लोक देत नाहीत. कटू आहे पण खरं आहे. पूर बातम्यांतून आठवड्यात गेला.
३. मधुबनी चित्रकला पण दुष्काळातूनच बाहेर आली ना? ती विकली गेली म्हणूनच त्या बायकांना पैसे मिळाले. मग मुलांची चित्रं विकली तर एवढा गहजब का?

लिलावाऐवजी बालगंधर्वच्या कलादालनात प्रदर्शन केलं तर? किंवा घोले रस्त्यावर राजा रवि वर्मा कलादालन आहे. तिथे चित्र बघायला येणारे लोक येतात, जेवायला नाही.

---

मधली_आळी

तरुणतुर्क, मधुबनीचा मुद्दा काढलात म्हणून लिहायला बसलो, नाहीतर झोपायला चाललो होतो.

ती गोष्ट तुम्ही म्हणता तितकी सरळ नाही, आणि तिच्यात आपला एक मराठी माणूस आहे, जो फारसा कुणाला आठवत नाही. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला. घरं फुटली, भिंती उघड्या पडल्या. तिथला ब्रिटिश अधिकारी डब्ल्यू. जी. आर्चर पाहणीला फिरत होता, त्याला पडक्या घरांच्या आतल्या भिंतींवर चित्रं दिसली. लग्नाच्या खोलीत बायका काढायच्या ती, कोहबर म्हणतात. बाहेरच्या पुरुषाला ती दिसायचं एरवी कारणच नव्हतं. आर्चरने पुढे त्यावर लिहिलं.

मग १९६६-६७ चा दुष्काळ. अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकरांनी भास्कर कुलकर्णी या चित्रकाराला मिथिलेत, म्हणजे मधुबनीच्या भागात, पाठवलं. कुलकर्णींनी भिंतीवरचं चित्र कागदावर काढायला बायकांना तयार केलं. कागद त्यांनी पुरवला, चित्रं मंडळाने विकत घेतली, बायकांच्या हातात पैसे पडले. जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी ही नावं त्यातून पुढे आली, जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली. याच कुलकर्णींनी नंतर डहाणूकडे जाऊन वारली चित्रं लोकांपुढे आणली. जिव्या सोमा म्हशे हे नाव आपल्याला माहीत झालं त्यात कुलकर्णींचा मोठा हात आहे.

आता फरक बघा. एक, त्या प्रौढ बायका होत्या, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची कला त्यांच्या हातात होती. दोन, मोबदला काढणारीला मिळाला. तीन, त्यांनी दुष्काळ काढलाच नाही! कमळ, बांबू, मासे, राम-सीता काढले. दुष्काळाचं चित्र म्हणून कुणी घेतलं नाही, चित्र म्हणून घेतलं. तुमच्या लिलावात विकलं जाणार आहे ते पोराचं दुर्दैव. चित्र नुसतं निमित्त.

मिथिलेसारखंच काही करायचं असेल तर त्या वस्तीतल्या आयांना विचारा, त्यांच्या हातात काय आहे ते. गोधडी शिवणारी एक तरी असेलच. तिची गोधडी तिच्या नावाने, तिने सांगितलेल्या भावाला विका आणि पैसे तिला द्या. मी घेईन.

---

पानशेत_पाहिलेला

धागा वाचून राहवले नाही म्हणून लिहितो. टंकनात चुका झाल्यास सांभाळून घ्यावे, नातू शेजारी नाही.

१२ जुलै १९६१. मी तिसरीत होतो. बांधकाम चालू असलेले पानशेत धरण सकाळी फुटले, मागोमाग दुपारी खडकवासला गेले. आमचा वाडा नारायण पेठेत. आदल्या रात्री लष्कराचे जवान पानशेतला वाळूची पोती रचत होते, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळले. आम्ही पर्वतीच्या बाजूला पळालो. परत आलो तेव्हा वाड्याची पुढची पडवी नव्हती. खडकवासला गेल्यामुळे शहराचे नळ कोरडे पडले. विहिरी नि जुने हौद यांवर दिवस काढावे लागले. पुढे आम्हाला गोखलेनगरच्या निसन हटमध्ये जागा मिळाली. अर्धगोल पत्र्याची घरे, उन्हाळ्यात भट्टी. लोकमान्यनगर, सहकारनगर ही वस्ती पुराच्या पुनर्वसनातूनच वाढली, हे आता तिथे फ्लॅट घेणाऱ्यांना ठाऊकही नसते.

आम्हाला कुणी खडू दिले नाहीत, द्यावे असे कुणाच्या मनातही आले नसेल. पण मी चित्रे काढली. हटच्या पत्र्यावर आतल्या बाजूने, कोळशाने. वडिलांनी एकदा पाहिले, काही बोलले नाहीत. आईने दिवाळीला पत्रा पुसायचा ठरवला तेव्हा तेवढा भाग सोडून बाकीचा पुसला. काय काढले होते? आमच्या वाड्याचा दिंडीदरवाजा. कड्या, खिळे, उंबरा. पाणी नव्हते त्यात. मुलीने मांडणी काढल्याचे वाचले आणि मला ते लख्ख आठवले.

मला कुणी ते चित्र विकत मागितले असते तर? खरे सांगू, आठ वर्षांच्या मला फार आनंद झाला असता. चार आणे मिळाले असते तर मी तो पत्राही कापून दिला असता. म्हणून मुलांना विचारले, मुले हो म्हणाली, एवढ्यावर भागणार नाही. मूल हो म्हणणारच.

सेवा क्लबांबद्दल चांगलेही लिहितो. त्या वेळी आमच्या हटमध्ये एक गृहस्थ दर रविवारी यायचे. कुठल्या संस्थेचे होते ते आम्हाला कधीच कळले नाही. आमची बीजगणिताची पुस्तके त्यांनी मिळवून दिली. मी मॅट्रिक होईपर्यंत ते येत होते.

---

खडूवाली_बाई

काका, _/\_

तो पत्रा सोडून पुसणं... तुमच्या आईंना नमस्कार.

---

ऐकणारी

समुपदेशक आहे, शाळांमध्ये काम करते. थोडक्यात लिहिते, कारण खडूवाली बाईंनी अर्धं काम केलं आहे.

आपत्तीनंतर माणसाला लगेच 'काय झालं ते सांग, मोकळा हो' म्हणून भरीला घालणं हे उपकाराचं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका हेच सांगते: बघा, ऐका, जोडून द्या. बोलायला भाग पाडू नका. ज्याला बोलायचंय त्याचं ऐका, ज्याला नाही त्याच्याजवळ नुसते बसा, आणि अन्न, निवारा, हरवलेली माणसं, शाळा यांच्याशी त्याला जोडून द्या. चित्रालाही तेच लागू. चित्रावरून निदान करायचं नाही, आणि 'इथे पाणी का नाही काढलंस?' असं विचारायचं नाही.

मुलांच्या बाबतीत रोजचा क्रम परत सुरू होणं याने फार फरक पडतो. शाळा, खेळ, ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी येणारी ठरलेली माणसं. तुमचा शनिवारचा वर्ग त्यात बसतो. तुमच्याकडून चूक होऊ शकते ती एकच: तो अचानक बंद पडणं. बहुतेक मुलं पुढे नीट सावरतात. पण कुणाला महिनोन्‌महिने झोप लागत नसेल, पावसाचा आवाज आला की थरथरत असेल, शाळेत जायचंच सोडलं असेल, तर त्याला ससूनला किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. खडू तिथे पुरत नाहीत.

अवांतर: १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलं पुण्यात आणून वाघोलीला ठेवली आणि शिकवली. ते काम लक्षात राहिलं कारण ते वर्षानुवर्षं चाललं.

---

तरुणतुर्क_पुणे

मधली आळी, मान्य. भास्कर कुलकर्णी हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं, वाचनखूण साठवली आहे.

पण प्रदर्शनाचा मुद्दा मी सोडत नाही. कुणी बघितलंच नाही तर त्या मुलाच्या नंबरप्लेटी वाया नाही का? पानशेत काकांनी पत्र्यावर काढलं, ते कुणी पाहिलं म्हणूनच आईने ते न पुसता ठेवलं ना?

---

सदाशिव_सडेतोड

पोराने मुद्दा बरोबर काढलाय. कबूल करायला जिवावर येतंय.

---

माजी_खजिनदार

चर्चा भावनेच्या अंगाने चांगली झाली, आता थोडं हिशेबाचं. मी एका क्लबाचा आणि त्याच्या ट्रस्टचा खजिनदार होतो, त्यामुळे सवय.

चित्र ज्याने काढलं, त्याच्याकडेच त्याचा कॉपीराइट, भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे. मूल असलं तरी. तुम्ही कागद आणि खडू दिलेत म्हणून चित्र क्लबाचं होत नाही. कॅलेंडर छापणं, शुभेच्छापत्रं काढणं, बुलेटिनच्या मुखपृष्ठावर टाकणं, सगळ्याला पालकांची लेखी परवानगी लागेल, आणि परवानगीचा कागद मराठीत, समजेल असा हवा. 'येथे सही करा' छाप नको. शिवाय त्याच कायद्यात कर्त्याचं नाव राखण्याचा हक्क वेगळा आहे, तो चित्र विकल्यावरही जात नाही. तेव्हा नाव झाकायचं की ठेवायचं हे क्लबाने ठरवायचं नाही.

दुसरं, पैसा. बहुतेक क्लबांचा एक ट्रस्ट असतो, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला. देणग्या तिथे येतात, आयकर सवलतीसाठीची पावती तिथून निघते. लिलावात मिळालेली रक्कम 'पुढच्या प्रकल्पाला' असं मोघम लिहू नका. पुढचा प्रकल्प म्हणजे कोणता? मी पाहिलंय, पुराच्या नावाने जमलेला पैसा दोन वर्षांनी दुसऱ्याच कामात निघतो. कुणी खाल्लेला नसतो, नुसता वाहवत जातो. ठरावात लिहा: अमुक वस्तीतला चित्रवर्ग, खडू-कागद-शिक्षिकेचं मानधन, अमुक तारखेपर्यंत.

आणि मुख्य रोग सांगू का? वर्ष. जुलै ते जून. प्रत्येक अध्यक्षाला स्वतःचा 'सिग्नेचर प्रोजेक्ट' लागतो. आधीच्याचा चालू ठेवला तर त्याचं नाव होत नाही. आमच्याकडे एका अध्यक्षाने सुरू केलेली अभ्यासिका पुढच्याने बंद केली आणि तिच्या पुढच्याने परत सुरू करून फीत कापली. टेबलंसुद्धा तीच.

---

सदाशिव_सडेतोड

हाहाहा. टेबलांना पण दोनदा हार घातला असेल.

---

काठावरची

मंडळी, काय लिहू. तुमचे प्रतिसाद छापून (हो, छापूनच, आमच्याकडे मोबाइलवरचं कुणी धड वाचत नाही) मी काल कार्यकारिणीत वाटले. टोपणनावं तशीच ठेवली. 'सदाशिव_सडेतोड कोण?' यावर दहा मिनिटं गेली, दोघांना खात्री आहे की ते त्यांचे साडू आहेत.

लिलाव रद्द. सहज झाला नाही. अध्यक्ष रागावले, मग गप्प झाले, मग म्हणाले, "मला ती बनियनवाली गोष्ट लागली." प्रायोजक अर्थातच गेला. गव्हर्नरांना त्या संध्याकाळी रक्तपेढीचं काम दाखवायचं ठरलं. रकान्याचं म्हणाल, तर मी 'लाभार्थी' खोडून 'विद्यार्थी' लिहिलं आणि येतात तेवढी मुलं लिहिली. आकडा लहान दिसतो. दिसू दे.

प्रदर्शनाबद्दल मुलांशी बोललो, आयांशी वेगळं बोललो. पानशेत काकांनी लिहिल्याप्रमाणे मुलं सगळ्यालाच हो म्हणत होती, म्हणून ऐकणारी यांना फोन करून विचारलं (आभार!). त्यांनी सुचवलं की हो-नाही विचारूच नका, 'कुठे लावू?' असं विचारा. तर उत्तरं अशी आली: बहुतेकांना बालवाडीतच लावायचंय, दोरीला चिमट्यांनी. दोघीतिघींना घरी न्यायचंय, नवीन भिंतीला रंग लागला की. मांडणीवाल्या मुलीला कुठेच लावायचं नाही, तिने ते वहीत घडी करून ठेवलंय आणि तिचं आम्ही परत मागणार नाही.

आणि स्कूटरवाला म्हणाला, "त्यांच्या पार्किंगमध्ये लावा. त्यांना कळेल कुठली कुणाची." सोसायटीच्या चेअरमनना विचारलं. ते आधी म्हणाले, नंबर दिसतात, सुरक्षेचा प्रश्न आहे. मग चित्र हातात घेतलं, चष्मा लावला आणि म्हणाले, "ही माझी. ही इन्शुरन्सवाल्यांनी टोटल लॉस केली." पुढच्या कमिटीत विषय ठेवतो म्हणालेत. म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे, मार्चपर्यंत काही होत नाही.

गोधडीचं: दोघीजणी शिवतात. एकीने भाव सांगितला तो ऐकून आमच्या खजिनदारांचा चहा सांडला. भाव तिचाच राहणार. मधली आळी, तुमची ऑर्डर पक्की समजू का?

पण एका आईने जे विचारलं त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. "जूननंतर येणार का तुम्ही? का नवीन साहेब आला की बंद?" तिला क्लबाचं वर्ष जुलैत बदलतं हे ठाऊक होतं, मागे कुणीतरी शिवणवर्ग असाच बंद केला होता म्हणे. पुढच्या वर्षीचे अध्यक्ष आमच्या सभेत बसलेले होते. ते डोळ्यांच्या तपासणीबद्दल बोलले.

---

मधली_आळी

पक्की. भाव काय सांगितला ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, घासाघीस करणार नाही.

---

माजी_खजिनदार

काठावरची, पुढच्या अध्यक्षांना आत्ताच गाठा. मे महिन्यात ते अंदाजपत्रक करायला बसतील, तेव्हा त्यांच्या डोक्यात सगळं ठरलेलं असेल. वर्गाचा खर्च क्लबाच्या खात्यातून काढून ट्रस्टच्या खात्यात घाला, आणि ठराव तीन वर्षांचा करून घ्या. विश्वस्त एकदम बदलत नाहीत, अध्यक्ष बदलतो. त्यांच्या मनात डोळ्यांची तपासणी असेल तर ती त्याच वस्तीत, त्याच खोलीत, शनिवारी करा म्हणावं. फीत त्यांना कापू द्या. खोली उघडी राहते ना, मग झालं.

शिक्षिकेला मानधन मात्र पहिल्या दिवसापासून द्या. फुकट येणारी माणसं परीक्षेच्या दिवसांत गळतात.

---

खडूवाली_बाई

मानधन नको, पण महिन्यातले दोन शनिवार मी घेते. एक अट आहे. मला चित्रकला शिकवू द्या. पूर झाला, आता त्यांना छायाप्रकाश येत नाही ते बघू. त्या नंबरप्लेटवाल्याला यथार्थदर्शन (जवळचं मोठं, लांबचं लहान) शिकवायला माझे हात शिवशिवताहेत, त्याच्या स्कूटर सगळ्या एकाच उंचीच्या असणार बघा.

आणि चॉकलेटी सुटा मिळत नसेल तर पोस्टर कलरची मोठी बाटली घ्या, तो रंग सुटा मिळतो.

---

पानशेत_पाहिलेला

मी येऊन नुसता बसलो तर चालेल का? गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, खुर्ची लागेल.

---

काठावरची

काका, खुर्ची आहे. बालवाडीची नाही, मोठी. रिक्षाही पाठवते.

बाई, दोन शनिवार लिहून घेतले! खजिनदार, मानधनाचा ठराव बाकीच्या शनिवारांसाठी तरी करून घेतेच. वर्ग चारला असतो. येताना जुनी वर्तमानपत्रं आणा, फरशीवर घालायला कमी पडतात.

---

सदाशिव_सडेतोड

माझी वामकुक्षी चारपर्यंत असते. सव्वाचारला येतो, रद्दी घेऊन. दाराशी बॅनर दिसला तर रद्दी ठेवून परत जाईन.

आणि मी कुणाचाही साडू नाही.